कालचा कागद

हलीमाआपाच्या दुकानाला पाटी नव्हती. औरंगपुऱ्यातल्या गल्लीत चपलांचं एक दुकान, शाळेच्या गणवेशांचं एक, आणि त्या दोघांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखा हा दहा फुटी गाळा. आत छतापर्यंत पत्र्याचे डबे. डब्यांच्या पुढे लाकडी फळी, फळीमागे उंच स्टूल, आणि स्टुलावर पांढरी ओढणी घट्ट लपेटून बसलेली एक ठेंगणी बाई. पाटी नसली तरी कुणी चुकत नसे. स्कूटर लावली की पुढचं काम नाक करायचं. ओवा, वेखंड, हिरडा आणि दालचिनी यांचा मिळून एक वास गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन उभा असायचा.

काष्ठौषधींचं हे दुकान तिच्या सासऱ्याचं. कुटणं, चाळणं, वाळवणं हे तिचा नवरा गफूरभाई मागच्या खोलीत करायचा आणि गिऱ्हाईक ती बघायची. खोकल्याचा काढा, बाळंतिणीचा डिंक, केसांसाठी माका, असलं सगळं तिच्याकडे मिळायचं. पण गावात तिचं नाव झालं होतं ते बिडी-सिगारेटच्या पुडीसाठी.

मी चित्रकलेचा शिक्षक. शाळा जवळच, घर पुंडलिकनगरात. सव्वीस वर्षं सिगारेट ओढली, आणि बायकोच्या माहितीप्रमाणे सव्वीस वेळा सोडली. पुडीचं ऐकलं तेव्हा मी स्वतः गेलो नाही, आमच्या शाळेचा शिपाई रंगनाथ याला पाठवलं. विद्यार्थ्यांच्या देखत असल्या दुकानापुढे उभं राहायची मला लाज वाटत होती. त्यांच्या देखत शाळेमागे धूर काढायची वाटत नव्हती, हे वेगळं. रंगनाथ हात हलवत परत आला. बाई देत नाहीत, म्हणाला. ज्याची बिडी त्यानंच यायचं, असं म्हणतात.

मग मी तणतणत गेलो. औषध विकायला बसलात, गिऱ्हाईकाची परीक्षा कसली घेता, असं काहीतरी मनात जुळवलं होतं. तिनं माझं काही ऐकून घेतलं नाही. फळीवर ठेवलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजव्या हातानं लिवता आन् डाव्यानं वढता. व्हय का नाय?"

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी होती. चित्र काढताना उजवा हात मोकळा हवा म्हणून लागलेली ही सवय माझ्या बायकोच्याही लक्षात आली नव्हती. माझा तणतणाट तिथंच संपला.

तिनं सहा डबे उघडले. ज्येष्ठमधाचे तुकडे, भाजलेली बडीशेप, ओवा, दालचिनीची एक कांडी, दोन लवंगा आणि सुकवलेला आवळा. यात गुप्त असं काहीच नव्हतं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. जुन्या वहीच्या कागदाचा चौकोन घेतला, त्यावर हे ठेवलं, आणि तीन घड्यांत अशी पुडी बांधली की दोरा लागला नाही. मी आयुष्यभर मुलांना कागदाच्या घड्या घालायला शिकवल्या, पण तशी घडी मला आली नाही.

ही एका दिवसाची, ती म्हणाली. उद्या परत यायचं आणि येताना हा कागद घेऊन यायचा. कालचा कागद दिल्याशिवाय आजची पुडी मिळणार नाही. मी म्हटलं, महिन्याचं एकदम द्या की, रोज कुठं येऊ. तर म्हणाली, महिन्याच्या सिगारेटी एकदम घेता का?

निघताना मी विचारलंच, "यानं सुटते का पण?"

"पुडीनं सुटत नाय, सर. पुडी तोंडाला गुतवती. तलफ आली की चार-पाच मिंटं लई जोरात ऱ्हाती, मग आपसूक उतरती. तेवढी मिंटं जेष्ठीमध दाढंखाली धरा. सोडायची तुमीच."

औषध विकणाऱ्या माणसानं आपल्या औषधाबद्दल इतकं कमी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. एका पाटीवाल्यानं तिला सात दिवसांत व्यसनमुक्तीची हमी देणारा झगझगीत बोर्ड करून देतो म्हटलं होतं. तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. हमी मी कशाची देऊ, म्हणाली, तलफ काय मला विचारून येते? आमच्या एका सहशिक्षकांनी तंबाखू नसलेल्या, वनस्पतींच्या म्हणून विकतात त्या सिगारेटी तिला कौतुकानं दाखवल्या. तिनं पाकीट हुंगलं आणि परत दिलं. धूर तो धूरच, इतकंच म्हणाली. आणि कुणी थुंकीतून रक्त पडतं म्हणालं, छातीत दुखतं म्हणालं, तर ती डबा उघडायचीच नाही. या दुकानात तुझं औषध नाही, आधी दवाखान्यात जा, डॉक्टरचा कागद दाखव, मग बोलू, असं म्हणून ती तो माणूस रिक्षात बसेपर्यंत बघत राहायची.

पहिल्या आठवड्यात मी तीन सिगारेटी कमी ओढल्या. दुसऱ्या आठवड्यात एका मित्राच्या अंत्ययात्रेला गेलो आणि तिथं अख्खं पाकीट संपवलं. मग चार दिवस मी त्या गल्लीकडे फिरकलो नाही. कागद खिशातच होता, पण कोणत्या तोंडानं जाणार? पाचव्या दिवशी ती मला शाळेच्या रस्त्यावर भाजी घेताना भेटली. मी नजर चुकवली. तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्यापुढे हात पसरला आणि कागद मागितला. मी खिशातून चुरगळलेला कागद काढून दिला.

"पिली तरी कागद आनायचा," ती म्हणाली. "न पिल्यावर कुनीबी येतं. पिल्यावर यायचं, त्यालाच हिंमत म्हंत्यात."

मला चित्रांच्या परीक्षेत अनेक जणांनी गुण दिलेत, मीही दिलेत. पण नापास झालेल्याला इतक्या प्रेमानं कुणी वर्गात घेतलेलं पाहिलं नव्हतं. मी भाजीवाल्यापुढे उभा राहून डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

तरी माझं शहाणपण गेलं नव्हतं. पुडीत काय आहे हे तर मला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुसऱ्या दुकानातून तेच सगळं किलोवारी आणलं, तव्यावर भाजलं आणि मोठा डबा भरून ठेवला. मनात म्हटलं, आता रोजची वारी नको न् कागद नको. दहा दिवसांत मी डबाही संपवला आणि सिगारेटीची पाकिटंही. वर पोट बिघडलं ते वेगळंच. हे आपाला सांगितलं तेव्हा ती ओढणीत तोंड खुपसून हसली. गफूरभाईही मागच्या खोलीतून हसला. "तुमी तर बरं, सर. ती फर्दापूरची बाई आठवती का?" त्यानं आतूनच विचारलं.

ती गोष्ट त्या दोघांची लाडकी होती. फर्दापूरची एक बाई नवऱ्यासाठी पुडी मागायला आली. त्याला कळू न देता जेवणात घालायची होती तिला. आपानं साफ नाही म्हटलं. बाईनं शक्कल लढवली. बाळंतिणीच्या नावानं सगळे जिन्नस वेगवेगळे मागून घेतले, घरी कुटले आणि वांग्याच्या भाजीत घातले. नवऱ्याला भाजी इतकी आवडली की त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि जेवण झक्कास झालं म्हणून वर एक बिडीही जास्त ओढली. महिनाभर हे चाललं. शेवटी ती रडत आपाकडे आली. आपानं तिला फळीच्या आत बसवून घेतलं आणि सांगितलं, घरी जा, त्याला सगळं खरं सांग, पुढं तो बघेल. तो पंधरा दिवसांनी स्वतः आला. लेण्यांच्या पायथ्याशी त्याचा चहाचा गाडा होता. रोज शंभर किलोमीटर कुठं यायचं म्हणून आपानं त्याच्यासाठी नियम वाकवला: पुडी बायकोनं बांधायची, फळीऐवजी चहाच्या गाड्यापाशी, आणि कागद तिलाच परत द्यायचा. त्याची सुटली की नाही हे मी विचारलं. कमी झाली, म्हणाली. भाजी मात्र अजून तशीच करते म्हणे.

एवढं सगळं ज्याच्या हातच्या कुटण्यावर चालायचं, त्या गफूरभाईच्या कानामागे मात्र कायम एक बिडी असायची.

हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. खल थांबला की समजावं, गफूरभाई मागच्या पायरीवर बसला. चाळीस वर्षांची सवय. हसरा, हडकुळा माणूस, हातानं इतका नेमका की वेखंड चिमटीत धरून वजन सांगायचा. खोकला आला की भिंतीला धरून उभा राहायचा आणि खोकला संपला की काही झालंच नाही असा खल पुढे सुरू. आपा त्या खोकल्याच्या वेळी गिऱ्हाईकाशी बोलायची थांबायची. मान वळवायची नाही, पण बोलायची थांबायची. मी समोर उभा असल्यानं मला तिचा चेहरा दिसायचा.

एकदा न राहवून मी विचारलं की साऱ्या गावाला पुड्या देता, यांना का नाही देत. तिनं फळीवर सांडलेली बडीशेप एकेक करून वेचली.

"मी दिली तर ती माझी पुडी ऱ्हाती, सर. त्यानं मागितली तर त्याची. मी वाट बघायलेय."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापास्नं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

मग तो दिवस आला. कन्नडकडचा एक शेतकरी बायकोसोबत आला होता. आपा त्याची पुडी बांधतच होती, तेवढ्यात मागच्या पायरीवरून धूर पुढे आला. शेतकऱ्यानं वाकून आत पाहिलं. दिव्याखालीच अंधार हाय की इथं, असं बायकोला म्हणाला, आणि पुडी न घेता दोघं निघून गेले. अर्धवट बांधलेली पुडी आपानं सोडली, जिन्नस ज्याच्या त्याच्या डब्यात परत टाकले, कागदाच्या घड्या हातानं सपाट केल्या आणि तो गठ्ठ्यावर परत ठेवला. मागे खल वाजायचा बंद झाला होता. बराच वेळ वाजलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझा कागद घेऊन उभा होतो. माझ्यापुढे एक रिक्षावाला होता. त्याच्याही पुढे गफूरभाई होता. मागच्या दारानं बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून तो फळीच्या या बाजूला येऊन उभा राहिला होता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, कान रिकामा. आपानं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं ती रडणार. पण ती प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायची तेच, काय हवं ते, तिनं घरच्या बोलीत विचारलं.

"क्या होना?"

"पुडी होना."

"किसकू?"

गफूरभाईनं फळीवर दोन्ही हात ठेवले. "मेरेकू," तो म्हणाला.

रिक्षावाला आणि मी उगाच रस्त्यावरची रहदारी बघू लागलो. तिनं पुडी बांधायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. आणि मग, स्वतःच्या नवऱ्याला, ज्यानं ते सगळं स्वतः कुटलं होतं त्याला, तलफ कशी चार-पाच मिनिटं राहते आणि ज्येष्ठमध कुठं धरायचा ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोही मान हलवत ऐकत राहिला.

त्यानंतर रोज सकाळी हा सोहळा. दुकानाच्याच वरच्या मजल्यावर तिच्यासोबत राहणारा नवरा गल्लीला वळसा घालून दुकानापुढे यायचा आणि कालचा कागद द्यायचा. मी म्हटलं, कागद घरातच देत जा की. तर आपा म्हणाली, घरात मी बायको हाय, घरात भांडान व्हईल. पहिले दोन महिने तो पडेल चेहऱ्यानं यायचा. ओढली, म्हणायचा. ती कागद घ्यायची आणि नवा द्यायची. मग एक-दोनवर आलं. मग दिवाळीच्या सुमारास एकदा कागद देताना त्यानं नुसती मान हलवली, आणि ती पुडी बांधताना काहीतरी गुणगुणली. माझी सिगारेट तोवर सुटली होती. मी रोज जायचो तो त्या दोघांना पाहायला, आणि जुने चित्रकलेचे कागद देण्याच्या निमित्तानं. मुलांनी रंगवलेल्या आंब्या-पोपटांत ओवा बांधून गिऱ्हाईकं जायची. जाड कागदाला घडी बसत नाही म्हणून ती कुरकुरायची, पण घ्यायची.

परत आलेल्या कागदांचं ती काय करते, हे मला कोडं होतं. मला वाटायचं काही हिशोब असेल, खुणा असतील. एकदा विचारलं. टाकून देते, म्हणाली. मग मागता कशाला? तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की इतकी वर्षं शाळेत काढून या माणसाला काहीच कसं समजत नाही.

गफूरभाईची बिडी सुटून दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि आपा आजारी पडली. आयुष्यात एक झुरका न घेतलेली बाई. पोटात गाठ निघाली. दवाखाने झाले, सुया झाल्या, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी बायकोला घेऊन दुपारी भेटायला गेलो. वरच्या खोलीत खिडकीजवळ तिची खाट होती. ओढणी अजून तशीच घट्ट, चेहरा मात्र मुठीएवढा झाला होता. आम्ही मुलाबाळांचं बोललो. मग ती माझ्या बायकोला म्हणाली, "मला माझी फिकर नाय, ताई. ह्यांचा कागद कोन घील, तेवढीच हाय."

तेवढ्यात गफूरभाई जिना चढून आला. खाटेच्या पायथ्याशी, तो फळीपुढे उभा राहायचा तसाच उभा राहिला आणि त्यानं कालचा कागद पुढे केला. तिनं तो घेतला. उशाखालून नवा चौकोन काढला, जिन्नसांची वाटी जवळ ओढली आणि पुडी बांधायला लागली. बोटं ऐकत नव्हती. पहिली घडी तिरकी गेली, दुसरी सुटली, ओवा गोधडीवर सांडला. मी पुढे व्हायला गेलो तर बायकोनं माझा हात धरला. ती बांधत होती तोवर गफूरभाई थांबला. मग ती वाकडीतिकडी पुडी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, गोधडीवरचा ओवा दाणा दाणा वेचला आणि तोंडात टाकला. तिनं डोळे मिटले आणि हसली. ते माझं तिचं शेवटचं दर्शन.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दुकान उघडलं असं कळलं, तेव्हा मी गेलो. गफूरभाई फळीमागे होता, पण स्टुलावर बसला नव्हता. शेजारी उभा होता. स्टूल रिकामं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्याच्या सदऱ्याला बिडीचा वास येत होता आणि तो मला आला हे त्याला समजलं.

आम्ही थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग त्यानं फळीची झडप उचलली आणि बाहेर आला. माझ्या शेजारी, गिऱ्हाईकाच्या बाजूला उभा राहिला. दुकान आता मोकळंच होतं.

"सर," तो म्हणाला, "तुमी जरा आत बसता का?"

मी आत गेलो. त्या स्टुलावर बसलो. समोर हा हडकुळा म्हातारा, हातात चुरगळलेला, घड्या पडून मऊ झालेला कागद. त्यावर कुणा पोरानं काढलेल्या पोपटाचं अर्धं शेपूट होतं. माझ्याच शाळेतला कागद. त्याच्या घड्या तिरक्या होत्या.

"पिली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"रोजच्या दोन-तीन," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

"कागद आणला ना. मग बस झालं."

मी तो घेतला. सहा डबे उघडले, गठ्ठ्यातला एक चौकोन ओढला आणि पुडी बांधायला बसलो. तीस वर्षं मुलांना घड्या शिकवलेला मी, पण पहिली घडी वाकडी गेली, दुसरी सुटली, आणि बडीशेप फळीभर सांडली. गफूरभाई थांबला. सांडलेली बडीशेप त्यानं एकेक करून वेचली.

"आता ह्या कालच्या कागदाचं काय करू?" मी विचारलं.

"टाकून द्या. ती बी टाकायची." त्यानं पुडी खिशात ठेवली, वर हातानं दाबली. मग स्वतःच्याच दुकानापुढे उभं राहून त्यानं मला विचारलं, "उद्याला कवा येऊ?"

"साडेनऊला या," मी म्हटलं. "मी असतो इथं."